अंजिरासाठी कुंडी

मुलांनो, आपल्या शाळांमध्ये दरवर्षी एक गोष्ट न चुकता घडते. जुलै महिन्यात चांगला पाऊस झाला की वृक्षारोपण होते. पाहुणे येतात, खड्ड्यात रोप ठेवले जाते, टाळ्या वाजतात. ऑगस्टमध्ये रोपाला नवी पाने फुटतात. दिवाळीपर्यंत ते गुडघ्याएवढे होते. मग उन्हाळा येतो. मे महिन्याची सुट्टी लागते आणि शाळेच्या फाटकाला कुलूप लागते. जूनमध्ये आपण परत येतो, तेव्हा त्या जागी एक वाळलेली काडी उभी असते. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावले जाते.

लोह्यातील आमच्या शाळेतही असेच होत असे. एके वर्षी आठवीच्या वर्गातील एका मुलीने मला विचारले, "सर, आपण दरवर्षी झाड लावतो की दरवर्षी झाड मारतो?" प्रश्न कडू होता, पण खरा होता. तेव्हा त्या वर्गाने आणि मी मिळून ठरवले, की सुट्टीत रोज पाणी घालायला कोणी नसले तरी जगेल असे एक झाड लावायचे. झाड आम्ही अंजिराचे निवडले. कुंडी मात्र लगेच जमली नाही. ती कशी निवडावी, हे आम्ही एक झाड गमावून शिकलो. तेच या पाठात सांगायचे आहे.

आधी अंजिराविषयी थोडेसे. अंजीर हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत आणि मराठीत तो एकच आहे, कारण दोन्ही भाषांनी तो फारसीतून घेतला आहे. कुरआन शरीफच्या ९५ व्या सूरेचे नाव 'अत-तीन' आहे, आणि 'तीन' म्हणजे अंजीर. आपल्या महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका अंजिरासाठी प्रसिद्ध आहे. तेथील अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मराठवाड्यात दौलताबादच्या परिसरातील अंजीर नावाजलेले आहेत. म्हणजे हे झाड आपल्या कोरड्या हवेला अनोळखी नाही.

वड, पिंपळ आणि उंबर हे अंजिराचे जवळचे नातेवाईक आहेत. मराठीत क्वचित भेटणाऱ्या माणसाला 'उंबराचे फूल' म्हणतात, कारण उंबराचे फूल कोणाला दिसत नाही. अंजिराचेही तसेच आहे. ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या आतच शेकडो बारीक फुले असतात. पिकलेले अंजीर फोडले की आत जे तंतू दिसतात, ती ही फुले. आपल्याकडे लागवडीत असलेल्या अंजिराला फळ धरण्यासाठी दुसऱ्या झाडाची गरज लागत नाही. एकटे झाडही फळ देते. शिवाय मुळांना जागा थोडी कमी मिळाली तरी अंजीर रुसत नाही. म्हणूनच ते कुंडीत लावता येते. ज्यांच्या घराला अंगण नाही, किंवा जे भाड्याच्या घरात राहतात, त्यांनाही ते लावता येते. घर बदलले तर झाड बरोबर नेता येते.

आता पाण्याचा प्रश्न. आपल्या भागात पाण्याची किंमत कोणाला सांगावी लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिलला लातूरला पोहोचली. तिच्या दहा टाक्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. लोह्याहून लातूर फार लांब नाही. अशा भागात कुंडीत रोज बादलीभर पाणी ओतायचे, त्यातले अर्धे खालून वाहून जायचे आणि उरलेले उन्हाने उडून जायचे, हे परवडणारे नाही.

यावर एक उपाय आहे. कुंडीच्या तळाशीच पाण्याचा साठा ठेवायचा आणि मातीने तो हळूहळू वर ओढून घ्यायचा. कंदिलाची वात आठवा. वातीचे खालचे टोक रॉकेलमध्ये बुडालेले असते. कोणी पंपाने रॉकेल वर चढवत नाही, तरी ते वातीच्या बारीक धाग्यांमधून वर चढते आणि ज्योत जळत राहते. याला शास्त्रात केशाकर्षण म्हणतात. केश म्हणजे केस. केसासारख्या बारीक पोकळ्यांतून द्रव आपोआप वर चढतो, म्हणून हे नाव. मातीच्या कणांमध्येही अशाच बारीक पोकळ्या असतात. मातीचा एक भाग पाण्यात बुडवून ठेवला, तर ती माती वातीचे काम करते. झाड जेवढे पाणी पिते, तेवढेच पाणी खालून वर येते.

आमच्या मुलांनी एका दुकानातून निळा प्लास्टिकचा ड्रम आणला. तो आडवा कापून त्याचा तळाचा अर्धा भाग घेतला. तळात विटांचे तुकडे मांडले, त्यांवर भोके पाडलेली प्लास्टिकची चकती ठेवली आणि वर शेतातली काळी माती भरली. पाणी ओतण्यासाठी एक नळी उभी केली. जुलैत अंजिराचे रोप लावले. सगळे खूश होते. पण ऑगस्टची झड लागली आणि रोपाची पाने पिवळी पडून गळू लागली. मुलांना वाटले, पाणी कमी पडते. त्यांनी नळीतून आणखी पाणी ओतले. महिनाअखेर रोप मेले. उपटून पाहिले तर मुळे काळी पडली होती आणि त्यांना कुबट वास येत होता.

"सर, पाणी असताना झाड मेलेच कसे?" मुलांनी विचारले. उत्तर त्या ड्रममध्येच होते. झाडाची मुळे फक्त पाणी पीत नाहीत, ती श्वासही घेतात. मातीच्या पोकळ्यांमध्ये थोडे पाणी आणि थोडी हवा असावी लागते. आम्ही ड्रमला जादा पाणी बाहेर जाण्यासाठी छिद्रच ठेवले नव्हते. पावसाचे पाणी वरून भरत गेले. तळातला साठा चकतीच्या वर चढला आणि सगळी मुळे पाण्यात बुडाली. आमचे झाड तहानेने नव्हे, बुडून मेले होते.

म्हणून कुंडी निवडताना पहिला प्रश्न 'हिच्यात पाणी किती मावेल' हा नाही. 'हिच्यात मुळांना हवा मिळेल का' हा पहिला प्रश्न आहे. आपल्या तालुक्यातील लिंबोटीचे धरण तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. धरण भरले की जादा पाणी सांडव्यावरून निघून जाते. सांडवा नसेल तर धरणच फुटेल. कुंडीलाही असाच सांडवा हवा. पाण्याच्या साठ्याच्या वरच्या पातळीला, बाजूच्या भिंतीत, बोट जाईल एवढे छिद्र पाडावे. हे छिद्र चकतीपासून दोन सेंटिमीटर खाली असावे, म्हणजे पाणी आणि चकती यांच्यामध्ये हवेचा थर राहील. ज्या भांड्याच्या भिंतीला असे छिद्र पाडता येत नाही, ते या कामाला निवडू नये.

दुसरा प्रश्न आकाराचा. अंजिराची मुळे फार खोल जाण्यापेक्षा आडवी पसरतात. त्यामुळे उंच आणि अरुंद भांड्यापेक्षा रुंद भांडे बरे. भांडे तोंडाशी निमुळतेही नसावे. दोन-तीन वर्षांनी झाड बाहेर काढून मुळांची छाटणी करावी लागते आणि माती बदलावी लागते. पोटाला मोठ्या आणि गळ्याला लहान भांड्यातून झाड बाहेर निघत नाही. मग भांडे तरी फोडावे लागते किंवा झाड तरी तोडावे लागते.

२०० लिटरचा ड्रम अर्धा कापला तर सुमारे ४४ सेंटिमीटर उंचीचे भांडे मिळते. त्याचा हिशोब आम्ही फळ्यावर मांडला. तुम्हीही वहीत मांडून पाहा. ड्रमचा आतला व्यास ५६ सेंटिमीटर धरू, म्हणजे त्रिज्या २८ सेंटिमीटर. तळाचे क्षेत्रफळ २२/७ × २८ × २८ = २४६४ चौरस सेंटिमीटर. सांडव्याचे छिद्र १० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर पाण्याचे घनफळ २४,६४० घन सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेचोवीस लिटर. चकतीचे टेकू आणि पाण्यात उतरलेली माती यांची जागा वजा केली, तर २० लिटर पाणी मावते. झाडाला दिवसाला दोन लिटर लागले, तर एकदा भरलेले पाणी दहा दिवस पुरते. चकती १२ सेंटिमीटरवर ठेवली, तर तिच्या वर ३० सेंटिमीटर माती मावते आणि काठाला दोन सेंटिमीटर मोकळे राहतात. एवढ्या उंचीपर्यंत चांगली माती पाणी ओढून नेऊ शकते.

पण लहानशी फांदी लावून केलेले रोप एकदम अर्ध्या ड्रममध्ये लावू नये. थोड्या मुळांना एवढ्या मातीतले पाणी पिऊन संपवता येत नाही. माती सतत चिंब राहते आणि मुळे कुजतात. म्हणून पहिली काही महिने पाच-सात लिटरची साधी कुंडी, मग २० लिटरची बादली आणि नंतर अर्धा ड्रम, असा क्रम ठेवावा. मूल वाढते तसे कपडे मोठे करतो, तसेच हे आहे.

तिसरा प्रश्न भांडे कशाचे असावे हा. मातीची कुंडी स्वस्त असते आणि कुंभाराकडे सहज मिळते. तिच्या भिंतींतून हवा जाते आणि पाणी झिरपून थोडे उडत राहिल्यामुळे माती गार राहते. माठातले पाणी गार होते, त्याचेही कारण हेच. पण जी भिंत पाझरते, तिच्यात पाण्याचा साठा टिकत नाही. म्हणून साठ्यासाठी मातीची कुंडी उपयोगाची नाही. मात्र त्याच पाझरण्याचा उपयोग दुसऱ्या रीतीने करता येतो. झाडाजवळ अरुंद तोंडाचे, रोगण न दिलेले मडके गळ्यापर्यंत पुरायचे, त्यात पाणी भरायचे आणि तोंडावर झाकण ठेवायचे. भोवतीची माती कोरडी झाली की मडके पाझरते. माती ओली असली की पाझरणे मंदावते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथात या पद्धतीचे वर्णन आहे. आपल्याकडेही शेताच्या बांधावर नवी झाडे जगवण्यासाठी ती वापरतात. ज्याला ड्रम मिळत नाही, त्याने मोठ्या कुंडीत लहान मडके पुरले तरी चालेल.

तेलाचा पत्र्याचा डबा घरोघरी असतो. पण तो लहान पडतो, लवकर गंजतो आणि उन्हात तव्यासारखा तापतो. सिमेंटची कुंडी टिकाऊ असते. पण तिला छिद्र पाडणे अवघड आणि तिला उचलणे त्याहून अवघड. लाकडी खोके ओलीने कुजते. या सर्वांचा विचार केला, तर जाड प्लास्टिकचा ड्रम सर्वांत सोयीचा ठरतो. २००२ साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर एक बाग सुरू झाली. स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून त्या खतावर तेथे भाज्या आणि फळझाडे वाढवण्यात आली. गच्चीवर फळझाड वाढू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

परंतु ड्रम घेताना एक काळजी फार महत्त्वाची आहे. या ड्रममध्ये आधी काय भरलेले होते, हे विचारल्याशिवाय तो घेऊ नका. कीटकनाशक, ॲसिड किंवा रंग यांचा ड्रम कितीही धुतला तरी वापरू नये. त्याचे अंश मातीत उतरतात, मातीतून मुळांत जाऊ शकतात, आणि फळ तर आपण खाणार असतो. दुकानदाराला नक्की सांगता आले नाही, किंवा ड्रमला उग्र वास येत असला, तर स्वस्त मिळतो म्हणून तो घेऊ नये. खाद्यपदार्थाचा, उदाहरणार्थ लोणच्याचा किंवा खाद्यतेलाचा, ड्रम घ्यावा. जाड प्लास्टिकच्या ड्रमवर पुष्कळदा त्रिकोणात २ हा आकडा असतो. ते प्लास्टिक मजबूत असते. पण हा आकडा प्लास्टिकची जात सांगतो. आत काय भरले होते, ते सांगत नाही.

चौथा प्रश्न उन्हाचा आणि वजनाचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. काळा किंवा गडद निळा ड्रम ऊन शोषून घेतो आणि भिंतीलगतची मुळे भाजून निघतात. यासाठी ड्रमला बाहेरून पांढरा रंग द्यावा किंवा गोणपाट गुंडाळावे. पश्चिमेच्या बाजूला विटांचा आडोसा केला तर आणखी चांगले. वजनाचाही हिशोब करावा. अर्ध्या ड्रममधील ओल्या मातीचे वजन सुमारे १०० किलो आणि पाण्याचे २० किलो भरते. असे भांडे पत्र्याच्या छपरावर कधीही ठेवू नये. गच्चीवर ठेवायचे असेल तर मोठ्या माणसांना विचारून, खाली भिंत किंवा तुळई असेल तेथेच ठेवावे.

दुसऱ्या वर्षी आम्ही या सगळ्या गोष्टी लक्षात ठेवून काम केले. खाद्यतेलाचा ड्रम मिळवला. सांडव्याचे छिद्र पाडले. काळी माती एकटी वापरली नाही, कारण ती चिकट असते, ओली झाली की तिच्यातली हवा कोंडते आणि वाळली की तिला भेगा पडतात. एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण केले. भोके पाडलेले दोन लहान डबे त्याच मिश्रणाने भरून चकतीतून पाण्यात उतरवले. हीच आमची वात. नळीत थर्माकोलच्या तुकड्याला झाडूची काडी खोचून सोडली. पाणी भरले की काडी वर येते, संपले की खाली जाते. बाहेरून एका नजरेत पाणी किती आहे ते कळते. मुळे खाली पोहोचेपर्यंत पहिले काही आठवडे आम्ही वरूनही पाणी दिले.

आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. साठलेले पाणी उघडे राहिले तर त्यात डास अंडी घालतात, आणि सात-आठ दिवसांत नवे डास बाहेर पडू शकतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून नळीच्या तोंडावर झाकण आणि छिद्रावर बारीक जाळी हवीच. दुसरे असे, की आपल्याकडे बोअरच्या पाण्यात बहुधा क्षार असतात. पाणी उडून जाते, क्षार वर राहतात आणि मातीवर पांढरा थर जमतो. तो दिसला की वरचा थर खरवडून काढावा. पावसाळ्यात मोठ्या सरीचे पाणी मातीतून वाहू द्यावे. विरघळलेले क्षार सांडव्याच्या छिद्रातून निघून जातात. फळे पिकण्याच्या दिवसांत मात्र पाणी थोडे आवरावे. साठा संपल्यावर एखादा दिवस थांबून मग भरावा. त्या वेळी एकदम फार पाणी मिळाले तर अंजिरे फुटतात. फळ तोडताना देठातून निघणारा पांढरा चीक हाताला लागू देऊ नये. त्याने कातडीला आग होते.

मे महिना आला. शाळेला कुलूप लागले. ही कुंडी म्हणजे काही जादू नव्हे. दहा दिवसांनी तिलाही पाणी लागतेच. पण रोजचे काम आता दहा दिवसांतून एकदाच करायचे होते. चार मुलांनी पाळ्या वाटून घेतल्या. प्रत्येकाच्या वाट्याला साऱ्या सुट्टीत एकच फेरी आली. ठरल्या दिवशी मूल येई, शिपाईचाचा फाटक उघडत, काडीची खूण पाहून नळीत पाणी ओतले जाई आणि तारीख भिंतीवर खडूने लिहिली जाई. उन्हाच्या एका फार कडक आठवड्यात पाणी आठव्याच दिवशी संपले. चाचांनी काडी खाली गेलेली पाहिली आणि निरोप पाठवला.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा भिंतीवर पाच तारखा होत्या आणि त्यांच्यासमोर हिरवे झाड होते. ज्या मुलीने तो कडू प्रश्न विचारला होता, ती तोपर्यंत दहावीत गेली होती. तिने आधी सांडव्याच्या छिद्रात बोट घालून ते मोकळे आहे ना, ते पाहिले आणि मगच ती झाडाकडे वळली. त्या जुलैत आम्ही नवे रोप लावले नाही. जुन्याच झाडाची एक फांदी कापून दुसऱ्या कुंडीत लावली.